दुकानाचा अलार्म निवडताना आधी माणूस ठरवा, मग यंत्र

दुकानात, गोदामात किंवा ऑफिसात चोरीचा अलार्म बसवायचा म्हटलं की चौकशी यंत्रापासून सुरू होते. कुठली कंपनी चांगली, सेन्सर किती लागतील, मोबाइलवर दिसतं का, एवढंच विचारलं जातं. माझ्या मते पहिला प्रश्न वेगळा हवा. रात्री तीन वाजता अलार्म वाजला तर तिथे कोण पोहोचणार, आणि किती वेळात?

मुंबईत हा प्रश्न टाळून चालत नाही, कारण इथं गाळा एका टोकाला आणि मालकाचं घर दुसऱ्या टोकाला असतं. दुकान दादरला, राहायला डोंबिवलीला. रात्री साधारण एक ते चार लोकल बंद. गाडी काढली तरी रस्ता मोकळा असूनसुद्धा तासभर मोडतो. शटर उचकटून, गल्ला आणि हाताला लागेल तो माल घेऊन निघून जायला चोराला एवढा वेळ लागत नाही. म्हणून तुमच्या यादीतलं पहिलं नाव तुमचं स्वतःचं नको. पाच-दहा मिनिटांत चालत येऊ शकेल अशा माणसाचं हवं: बिल्डिंगचा वॉचमन, त्याच गल्लीत राहणारा कामगार, वरच्या मजल्यावरचं ओळखीचं कुटुंब. अशी दोन-तीन नावं मिळाली तर साधा अलार्मही उपयोगी पडतो. एकही मिळालं नाही तर महागडा अलार्मसुद्धा फक्त बातमी देतो, आणि मग पैसे आधी लोखंडावर खर्च केलेले बरे.

अलार्म चोराला अडवत नाही. अडवतात ती कुलपं, ग्रिल, तिजोरी. अलार्म फक्त कळवतो. कळल्यापासून माणूस पोहोचेपर्यंत जेवढा वेळ जाणार, तेवढा वेळ त्या लोखंडानं तग धरली पाहिजे. हे गणित जुळायला हवं असेल तर अलार्म चोर आत आल्यावर वाजून भागत नाही, तो शटरला हात घालतो तेव्हाच वाजायला हवा. कुठला सेन्सर कुठे, हा सगळा हिशेब यातून निघतो.

चोर कुठून येतो

यंत्रणेचे भाग थोडक्यात सांगतो. पॅनल म्हणजे मेंदूची पेटी. तिला जोडलेले सेन्सर. चालू-बंद करायला कीपॅड किंवा रिमोट. ओरडायला हूटर. लाइट गेल्यावर चालवायला बॅटरी. आणि बाहेर निरोप धाडायला सिम किंवा ब्रॉडबँड. पॅनलमध्ये 'झोन' असतात, म्हणजे शटर एका झोनवर, मागचा दरवाजा दुसऱ्यावर, पोटमाळा तिसऱ्यावर, आणि कुठून घुसखोरी झाली ते नेमकं कळतं.

कोटेशन मागवण्याआधी एकदा दुकानाभोवती चोराच्या नजरेनं फिरून या. बहुतेकांचं सगळं लक्ष पुढच्या शटरवर असतं. पण मागच्या गल्लीतला दरवाजा, संडासाचा झरोका, एसीसाठी पाडलेलं भोक, इंडस्ट्रियल इस्टेटमधला पत्र्याचा किंवा सिमेंटच्या पत्र्याचा माथा, शेजारच्या गाळ्याशी असलेली सामाईक भिंत, या जागांकडेही बघा. नोव्हेंबर २०१७ मध्ये नवी मुंबईतल्या जुईनगरला बँक ऑफ बडोदाच्या शाखेत काय झालं ते अनेकांना आठवत असेल. चोरांनी जवळचा गाळा भाड्यानं घेतला, दुकान थाटलं आणि तिथून लॉकर रूमपर्यंत भुयार खणलं. सोमवारी बँक उघडली तेव्हा कळलं. समोरचा दरवाजा कितीही पक्का असता तरी तिथं त्याचा उपयोग नव्हता. तुमची भिंत कुणाच्या गाळ्याला लागून आहे, तो गाळा रिकामा आहे का, नवा भाडेकरू रात्री उशिरापर्यंत कसलं काम करतो, हे माहीत असणं हाही सुरक्षेचाच भाग आहे.

सोन्याचांदीचा किंवा मोबाइलचा धंदा असेल तर भिंतीला आणि तिजोरीला व्हायब्रेशन सेन्सर लावून घ्या. छिन्नी-हातोडा, ड्रिल यांचे हादरे तो ओळखतो. पण तो बसवणाऱ्यानं जागेवर उभं राहून त्याची संवेदनशीलता जुळवली पाहिजे. रुळांलगतच्या गाळ्यात दर लोकलला भिंत थरथरते, मोठ्या रस्त्यावर बेस्टची बस गेली की शटर हलतं. कारखान्यातून आलेल्या सेटिंगवर तो सेन्सर सोडला तर एक तर तो सारखा वाजेल, नाही तर कंटाळून कुणीतरी तो बंद करेल.

शटर

मुंबईतल्या दुकानाचा खरा दरवाजा म्हणजे रोलिंग शटर, आणि सेन्सर सर्वांत जास्त वेळा चुकीच्या जागी बसतो तो इथेच.

शटरला कुलपं दोन बाजूंना असतात. चोर ती तोडायच्या भानगडीत सहसा पडत नाही. तो मधोमध पहार किंवा गाडीचा जॅक घालून शटर वर उचलतो. पट्ट्या वाकतात, बाजूची कुलपं जशीच्या तशी राहतात आणि मध्ये एक किडकिडीत पोरगा सरपटत जाईल एवढी फट पडते. आता सेन्सर कोपऱ्यात, कुलपाजवळ बसवलेला असेल तर तिथं शटर हललेलंच नसतं. अलार्मच्या लेखी दुकान बंद असतं. म्हणून शटरचा सेन्सर मध्यावर हवा. रुंदी जास्त असेल तर दोन लावावेत आणि मध्यावर जमिनीत अडकणारं तिसरं कुलूपही असावं.

हा सेन्सर आतून अगदी साधा असतो. छोट्या काचेच्या नळीत धातूच्या दोन पातळ पात्या. चुंबक जवळ असतो तोवर त्या एकमेकींना चिकटून राहतात, चुंबक दूर गेला की सुटतात, सर्किट तुटतं आणि पॅनलला कळतं. घराच्या दाराला लावतात तो पांढरा प्लास्टिकचा सेन्सर शटरला चालत नाही. पावसाळ्यातल्या वाऱ्यात शटर खडखडतं, चुंबक जरासा सरकतो आणि मध्यरात्री हूटर सुरू होतो. शटरसाठी धातूच्या कवचाचा, जास्त अंतर चालणारा सेन्सर मिळतो. त्याच्या वायरला लोखंडी स्प्रिंगसारखं आवरण असतं, कारण जमिनीलगत हातगाडीची चाकं, झाडू, फरशी पुसायचं पाणी या सगळ्यांचा मार त्याला खावा लागतो. समुद्राच्या खाऱ्या हवेत स्क्रू गंजतात, तेव्हा स्टेनलेस स्टीलचेच लावून घ्या.

वायरिंगबद्दल एक गोष्ट बसवणाऱ्याला जरूर विचारा: "रेझिस्टर कुठे लावणार?" वायर कापली तर अलार्म वाजतोच. पण हुशार माणूस वायर कापत नाही, सोलून दोन तारा एकमेकींना जोडतो, म्हणजे पॅनलला सर्किट पूर्ण आहे असंच वाटत राहतं. हे ओळखण्यासाठी लाइनच्या शेवटी एक छोटा रेझिस्टर, म्हणजे विजेला ठरावीक अडथळा करणारा भाग, लावतात; तारा मध्येच जोडल्या की तो अडथळा नाहीसा होतो आणि पॅनलला कळतं. तो सेन्सरच्या टोकाला असेल तरच त्याचा उपयोग. घाईत काम उरकणारे तो पॅनलच्या पेटीतच बसवून मोकळे होतात. तसं केलं की जोडलेली वायर पकडण्याची सोय संपते, आणि हे वरवर बघून कुणालाच कळत नाही.

आतला पहारा

शटर आणि दरवाज्यांच्या सेन्सरनंतर दुसरी फळी म्हणजे हालचाल ओळखणारा सेन्सर, ज्याला बाजारात पीआयआर म्हणतात. तो स्वतः काही सोडत नाही, समोरून येणारी उष्णता फक्त वाचतो. त्याच्यासमोरची जागा लेन्समुळे पसरलेल्या बोटांसारख्या पट्ट्यांत वाटली जाते. भोवतालच्या हवेपेक्षा गरम शरीर एका पट्ट्यातून दुसऱ्यात गेलं की तो दचकतो. यातून दोन गोष्टी निघतात. चोर त्याच्यासमोरून आडवा चालला तर तो लगेच पकडतो, सरळ त्याच्याच दिशेनं आला तर उशिरा. म्हणून शटरच्या बरोबर समोर लावण्यापेक्षा बाजूच्या कोपऱ्यात, सात-आठ फूट उंचीवर लावावा. दुसरी गोष्ट आपल्या हवेची. मे महिन्यात पत्र्याखालचं बंद गोदाम रात्रीसुद्धा माणसाच्या अंगाइतकं तापलेलं राहतं. अंग आणि हवा यांत फरकच उरला नाही तर सेन्सरला दिसणार काय? तापमान बघून आपली संवेदनशीलता बदलणारा सेन्सर घ्या.

पीआयआरला मायक्रोवेव्ह, म्हणजे लहरी सोडून परत येणाऱ्या लहरींवरून हालचाल ओळखणारा भाग, जोडलेला ड्युअल सेन्सरही मिळतो. त्यात उष्णता आणि हालचाल दोन्ही जुळल्यावरच अलार्म होतो, त्यामुळे खोटे अलार्म कमी होतात. पण मायक्रोवेव्ह लहरी प्लायवूड, जिप्सम आणि काच यांतून आरपार जातात. सेन्सरचं तोंड पार्टिशनकडे असेल तर पलीकडच्या पॅसेजमधली ये-जा त्याला जाणवत राहते. त्याचा पल्ला कमी करून घ्या आणि तोंड पक्क्या भिंतीकडे ठेवा.

मग उंदीर. मशीद बंदर, भायखळा, साकीनाका, कुठल्याही जुन्या गोदामात ते असणारच. प्राण्यांना न जुमानणारा सेन्सर म्हणून जो विकतात तो जमिनीवरून पळणारा उंदीर किंवा मांजर सोडून देतो, हे खरं आहे. पण मालाची थप्पी सेन्सरच्या उंचीपर्यंत गेली आणि उंदीर त्या थप्पीवरून, लेन्सपासून हातभर अंतरावरून गेला, तर सेन्सरसाठी तो मोठाच असतो. थप्पी सेन्सरखाली रचू नका. धान्य-किराण्याच्या दुकानात हा नियम मोडला जातो तेवढा दुसरा कुठलाच मोडला जात नाही. थप्पीचा दुसराही त्रास आहे: ती सेन्सरची नजरच अडवते. दिवाळीआधी माल भरला की सेन्सरच्या समोर खोक्यांची भिंत उभी राहते, आणि नेमकी तेव्हाच दुकानात सर्वांत जास्त किमतीचा माल असतो. काही सेन्सर असे झाकले गेले की तक्रार करतात. युरोपातल्या ईएन ५०१३१ या मानकात चार ग्रेड आहेत, त्यांपैकी ग्रेड ३ च्या हालचाल सेन्सरला ही सोय सक्तीची आहे. खोक्यावर ग्रेड छापलेला असेल तर जरूर बघा. साध्या दुकानाला ग्रेड २ पुरतो. जडजवाहीर असेल तर ३.

एसीचा झोत, फ्रिजचा कॉम्प्रेसर, वाऱ्यानं हलणारा कपड्यांचा हँगर, लेन्सवर बसलेली पाल, हे नेहमीचे उपद्रवी. तीनदा उगाच वाजलं की चौथ्यांदा शेजारी खिडकीही उघडत नाही आणि मालक स्वतः म्हणतो, "राहू दे, नको लावूस आज." अलार्म असूनही चोरी होते ती अशाच रात्री. म्हणून एखादा सेन्सर उगाच वाजत असेल तर त्याचं कारण शोधून काढल्याशिवाय बसवणाऱ्याला सोडू नका.

वायर की वायरलेस

स्वतःचा गाळा असेल, फर्निचरचं काम चालू असेल, तर वायर टाकून घ्या. एकदा नीट टाकली की वर्षानुवर्षं बघावं लागत नाही. पागडीची किंवा भाड्याची जागा, भिंती फोडायला परवानगी नाही, वर्षभरात जागा सोडायची शक्यता आहे, अशा वेळी वायरलेस सोयीचं. फक्त तीन गोष्टी विचारा. सेन्सर दर काही वेळानं पॅनलला हजेरी देतो का? बॅटरी उतरत आली की आधी सांगतो का? आणि कुणी लहरी जाम केल्या तर पॅनल ओरडतं का? स्वस्त किटमध्ये यांतलं काहीच नसतं. सेन्सर मेला तरी पॅनल शांत बसतं.

परदेशातून नातेवाइकानं आणलेला किट बसवू नका. भारतात कमी ताकदीच्या अशा उपकरणांना ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा परवान्याशिवाय खुला आहे. बाहेरचे किट बरेचदा दुसऱ्याच पट्ट्यावर चालतात. इथं विकायच्या वायरलेस मालाला केंद्र सरकारच्या डब्ल्यूपीसी या वायरलेस परवाने बघणाऱ्या विभागाची मंजुरी लागते, ती आहे का हे विक्रेत्याला विचारणं तुमचा हक्क आहे.

लाइट, पाऊस आणि सिम

१२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी ग्रिड कोलमडून मुंबईची वीज गेली आणि शहराच्या काही भागांत ती यायला कित्येक तास लागले. अशा वेळी अलार्म बॅटरीवर असतो. पॅनलमध्ये साधारणपणे १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची बॅटरी असते. पॅनल आणि सेन्सर मिळून २०० मिलिअँपिअर घेत असतील तर कागदावर ३५ तास. जुनी, उन्हाळ्यात तापलेली बॅटरी त्याच्या निम्माही वेळ देत नाही, आणि हूटर वाजायला लागला की खर्च आणखी वाढतो. दोन-तीन वर्षांनी ती बदलायची असं आधीच धरून चाला.

पॅनल आणि वायरीचे जोड उंचावर हवेत. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. पण हिंदमाता, किंग्ज सर्कल, कुर्ला या भागांत जोराची सर आणि भरती एकत्र आली तरी गुडघाभर पाणी साचतं. काउंटरच्या खालच्या कप्प्यात बसवलेलं पॅनल तिथं पहिल्याच पावसात जातं. पॅनल लपवायची इच्छा चांगली आहे, पण पोटमाळ्यावर लपवा. ते हालचाल सेन्सरच्या नजरेत असावं, दारातून आत शिरल्यावर पहिल्या तीस सेकंदांत हाताला लागू नये.

आता निरोप. एकाच वाटेवर भिस्त ठेवू नका. ब्रॉडबँडची केबल बिल्डिंगच्या जिन्यात उघडी लोंबत असते, कात्रीनं कापता येते. सिम असलेला डायलर, म्हणजे अलार्म झाला की ठरलेल्या नंबरांना आपोआप फोन लावणारं यंत्र, सोबत हवाच, शक्य असेल तर दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिम. बाजारात अजूनही फक्त २जीवर चालणारे जुने डायलर मिळतात. त्यात जिओचं सिम चालत नाही, कारण जिओचं २जी नेटवर्कच नाही. ४जीचा घ्या. डायलरचं सिम वर्षानुवर्षं पेटीत पडून असतं, त्याच्या रिचार्जची मुदत संपते आणि ते मुकं होतं. दुकानाच्या लाइट बिलासोबत त्या सिमच्या रिचार्जचीही तारीख लिहून ठेवा. दक्षिण मुंबईतल्या जाड भिंतींच्या जुन्या इमारतींत तळमजल्याच्या आतल्या खोलीत नेटवर्क मिळत नाही. बसवण्याआधी त्याच जागी तेच सिम फोनमध्ये घालून बघा, लागली तर बाहेर अँटेना काढून घ्या.

डायलरमध्ये थेट पोलिसांचा नंबर घालू नका. रेकॉर्ड केलेला आवाज पलीकडच्या माणसाच्या प्रश्नांना उत्तर देऊ शकत नाही, आणि उंदरामुळे वाजलेला अलार्म तिथं खऱ्या संकटातल्या माणसाची लाइन अडवतो. तुमच्या माणसाला फोन जावा, त्यानं लांबून बघून ११२ लावावा. त्याच्याकडे एका कागदावर दुकानाचं नाव, गाळा नंबर, गल्ली, जवळची खूण आणि मागच्या दाराचा रस्ता लिहिलेला असू द्या. झोपेतून उठलेल्याला पत्ता सांगता येत नाही. आणि त्याला बजावून ठेवा की एकट्यानं आत शिरायचं नाही. माल परत घेता येतो.

पैसे देऊन देखरेख घ्यायची असेल तर अलार्म आल्यावर ती कंपनी फक्त फोन करते की माणूस पाठवते, हे लेखी घ्या. गार्ड पुरवणाऱ्या एजन्सीला २००५ च्या खासगी सुरक्षा एजन्सी कायद्याखाली परवाना लागतो, त्याची प्रत मागा.

अलार्म वापरणारी माणसं

मुंबईत कितीतरी दुकानांत कारागीर किंवा नोकर पोटमाळ्यावर झोपतात. तिथं हालचाल सेन्सर लावून उपयोग नाही. पॅनलमध्ये 'स्टे' मोड हवा, ज्यात शटर आणि दरवाजे जागे राहतात आणि आतले सेन्सर झोपतात. त्या पोरांच्या उशाशी पॅनिक स्विच द्या. आत माणूस झोपलेला असताना शटर उचकटलं गेलं तर मालापेक्षा त्याचा जीव महत्त्वाचा, आणि अलार्मचा सर्वांत मोठा उपयोग तिथेच आहे.

कोड प्रत्येकाला वेगळा द्या. मग कुणी कधी उघडलं ते नोंदीत दिसतं, आणि कुणी नोकरी सोडली तर फक्त त्याचा कोड काढता येतो. सगळ्यांना १२३४ दिलेला असेल तर मागच्या वर्षी गेलेल्या माणसाकडेही तुमच्या दुकानाची किल्ली आहे. धमकावून कोड घालायला लावलं तर वापरायचा वेगळा कोड बऱ्याच पॅनलमध्ये असतो. त्यानं अलार्म बंद झाल्यासारखा दिसतो आणि गुपचूप निरोप जातो. रोकड हाताळणाऱ्याला तो पाठ हवा.

"सीसीटीव्ही आहे की" असं म्हणून अलार्म टाळू नका. कॅमेरा झालेलं दाखवतो. बरेचदा तेही नाही, कारण चित्रण साठवणारी पेटी, म्हणजे डीव्हीआरच, चोर उचलून नेतो.

विमा आणि कागद

बर्गलरी पॉलिसी असेल तर ती बाहेर काढून वाचा. तिच्यात साधारणपणे बळजबरीनं आत शिरून झालेली चोरीच धरतात. सर्वोच्च न्यायालयानंही २००४ साली युनायटेड इंडिया इन्शुरन्सच्या खटल्यात पॉलिसीतल्या व्याख्येप्रमाणे बळाचा वापर दिसला पाहिजे, असाच निकाल दिला. म्हणजे शटर उघडं राहिलं आणि माल गेला तर दावा अडकू शकतो. सराफांच्या पॉलिसीत तर रात्री तिजोरीबाहेर, शोकेसमध्ये ठेवलेला माल सहसा धरतच नाहीत. अलार्म असल्याचं सांगून हप्त्यात सूट घेतली असेल तर तो चालू ठेवणं ही तुमची जबाबदारी होते. सर्व्हिसच्या पावत्या आणि पॅनलची नोंद जपून ठेवा.

काम संपल्यावर बसवणाऱ्याकडून इन्स्टॉलर कोड, झोनचा नकाशा आणि बिल घेतल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका. इन्स्टॉलर कोड त्याच्याकडेच राहिला तर उद्या त्याचं दुकान बंद झाल्यावर साधा फोन नंबर बदलायलाही पॅनल पूर्ण रिसेट करावं लागतं. एएमसीत, म्हणजे वार्षिक देखभालीच्या करारात, वर्षातून किती फेऱ्या आणि बॅटरी धरलेली आहे का, हे लिहून घ्या. आणि पैसे देण्याआधी त्याच्यासमोर चाचणी करा: यंत्रणा लावा, मेन स्विच पाडा, ब्रॉडबँडची वायर काढा, मग शटर मधोमध थोडं उचला. यादीतल्या पहिल्या माणसाचा फोन किती सेकंदांत वाजतो ते घड्याळ लावून बघा.